भारताचा राष्ट्रीय रग्बी संघ

रग्बी युनियन या प्रत्येकी पंधरा खेळाडूंच्या मैदानी खेळात भारताचे प्रतिनिधित्व करणारा संघ. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावणे, तो सहकाऱ्याकडे बाजूस वा मागे फेकणे (पुढे फेकण्यास मनाई असते) आणि अखेरीस प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीस टेकविणे, असे या खेळाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. पुरुषांच्या राष्ट्रीय संघाचा प्रारंभ १९९८ चा असला, तरी भारतात हा खेळ त्यापूर्वी सव्वाशे वर्षे प्रचलित होता. संघाच्या कामगिरीचा विचार करताना हे अंतर ध्यानात घ्यावे लागते.

भारतातील पहिला ज्ञात सामना २५ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यास इंग्लंडचे खेळाडू विरुद्ध स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे खेळाडू असा झाला. १८७३ मध्ये तेथे क्लब स्थापन झाला. परंतु पलटणींच्या बदल्यांमुळे खेळाडूंची संख्या घटली आणि पोलो व टेनिस लोकप्रिय झाले. तेव्हा सभासदांनी क्लबची शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ते वितळविले व त्यांचा चषक घडवून इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. नागाच्या आकाराच्या मुठी व झाकणावर हत्ती असलेल्या या ‘कलकत्ता चषका’साठी इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून खेळत आले आहेत.

मुंबईत बॉम्बे जिमखाना (स्थापना १८७५) हे या खेळाचे प्रमुख केंद्र ठरले. उन्हाळ्यात कठीण होणारी जमीन पावसाने मऊ होत असल्याने येथील सामने मुख्यत्वे पावसाळ्यात होतात. १९२४ पासून सुरू झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत सिलोनचे संघही उतरत. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश पलटणी गेल्या. खेळ मात्र शाळा-महाविद्यालयांत रुजलेला नव्हता. तो काही क्लब व भारतीय सैन्यदल यांच्या आश्रयाने टिकून राहिला.

भारतीय संघ १९९८ मध्ये सिंगापूर येथील आशियाई स्पर्धेत प्रथम उतरला. अभिनेते राहुल बोस त्या संघात होते. पुढे ते राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले. १९८७ पासून होणाऱ्या विश्वचषक स्पर्धेसाठी भारत अद्याप पात्र ठरलेला नाही. आशियाई स्पर्धांतही तो मुख्यतः खालच्या श्रेणींत खेळला आहे. दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत (२०१०) सात खेळाडूंच्या रग्बीमध्ये दक्षिण आफ्रिका, वेल्स व टोंगा यांच्याकडून त्याचा पराभव झाला.

महिलांचा पंधरा खेळाडूंचा संघ २०१८ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय सामने खेळला. पुढील वर्षीच, जून २०१९ मध्ये, फिलिपीन्समधील आशियाई स्पर्धेत पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांच्या नेतृत्वाखाली त्याने सिंगापूरवर २१–१९ असा पहिला विजय मिळविला. अखेरच्या क्षणांतील निर्णायक पेनल्टी किक ओडिशाच्या सुमित्रा नायक यांची होती. त्यांचे शिक्षण भुवनेश्वर येथील आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत झाले. जिमखान्यांच्या परंपरेबाहेरील खेळाडूंचा हा सहभाग भारतीय रग्बीच्या सामाजिक स्वरूपात झालेला बदल दर्शवितो. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये सात खेळाडूंच्या प्रकाराचा समावेश झाल्यामुळे त्याकडे अधिक लक्ष दिले जाते. २०२५ मध्ये मुंबईत याच प्रकाराची व्यावसायिक लीग स्पर्धाही सुरू झाली. पंधरा खेळाडूंच्या संघाची प्रगती मात्र शाळांतून व जिल्ह्यांतून नियमित सामने होण्यावरच अवलंबून आहे.