एक छत्री, किती खोके?

मंडळी, घरात दुसरा टीव्ही आला की एक प्रश्न ठरलेला: "छत्रीच्या वायरीला टी लावून दोन्हीकडे जोडली तर चालेल ना?" सॉफ्टवेअरवाल्याला टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं येतं असा समज असल्याने तो माझ्याकडेच येतो :) उत्तर "नाही" आहे, पण त्यामागचा इतिहास मजेदार आहे.

'वेस्टार ६' हा उपग्रह १९८४ साली चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानाने तो चक्क परत आणला. डागडुजी होऊन एप्रिल १९९० मध्ये चिनी रॉकेटवरून तो 'एशियासॅट १' म्हणून पुन्हा वर गेला. १९९१ मध्ये त्यावर स्टार टीव्ही आला, २ ऑक्टोबर १९९२ ला झी.

हे प्रक्षेपण सी-बँडचं, म्हणजे आठ-दहा फुटी छत्री हवी. ती एकट्याला ना परवडायची, ना गच्चीत मावायची. म्हणून केबलवाला! त्याच्या खोलीत एका छत्रीला कितीतरी रिसीव्हर जोडलेले असत, प्रत्येक वाहिनीला एक. मग मॉड्युलेटर लावून सगळ्या वाहिन्या एकाच वायरीत. आपल्या घरी सगळं एकदम येई, त्यामुळे टी लावली तरी फार तर चित्रात मुंग्या दिसत. टीची सवय लागली ती तेव्हापासून.

मग डीटीएच. जुलै १९९७ मध्ये सरकारने केयू-बँडच्या घरगुती छत्र्यांवर बंदी घातली, नोव्हेंबर २००० मध्ये डीटीएचला मंजुरी दिली. २००३ मध्ये डिश टीव्ही आला, २००६ मध्ये टाटा स्काय. छत्री दोन फुटांवर आली आणि रिसीव्हर केबलवाल्याच्या खोलीतून आपल्या दिवाणखान्यात.

खरी गोम इथेच आहे. आता वायर दोन्ही बाजूंनी बोलते. उपग्रह उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवीकरणांत वाहिन्या पाठवतो. रिसीव्हर त्याच वायरीतून वर १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा छत्रीपुढची एलएनबी उभ्या लहरी देते, १८ व्होल्टला आडव्या. आता टी लावली, आईला उभ्यातली मालिका हवी आणि बाबांना आडव्यातली मॅच, तर जास्त व्होल्टेजवाले बाबा जिंकतात. आईचा पडदा काळा!

उपाय सोपा आहे. दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि प्रत्येक खोक्याला स्वतंत्र वायर न्या. संख्या वाढली तर मल्टिस्विच. २००७ मध्ये तर युरोपात एकाच वायरीवर अनेक रिसीव्हर चालवायचं मानकही आलं, त्यात प्रत्येकाला आपापली फ्रीक्वेन्सी वाटून दिलेली असते.

म्हणजे तंत्राचा प्रश्न केव्हाच सुटला. उरतो तो हिशेबाचा. केबलवाला घरामागे पैसे घ्यायचा, डीटीएच खोक्यामागे घेतं. छत्रीचा सिग्नल वाटता येतो, वर्गणी नाही. दुसऱ्या खोक्यासाठी कार्ड वेगळं.

पण निदान छत्री तरी? वीस बाल्कन्यांना वीस छत्र्या लटकलेल्या इमारती आपण पाहतोच. एकाच कंपनीची असतील तर गच्चीवरची एक छत्री आणि मल्टिस्विच सगळ्यांना पुरेल. दहा फुटी छत्री महाग होती म्हणून आपण वाटून घ्यायला शिकलो, दोन फुटी स्वस्त झाली आणि विसरलो.

असो. पुढच्या सोसायटी मीटिंगला विषय काढून बघा. पार्किंगच्या आधी मात्र, नंतर कुणी थांबत नाही!