पुरळ : वैद्यकीय मदतीची निकड

पुरळ : त्वचेच्या रंगात किंवा पोतात झालेला, बहुधा पसरणारा बदल. लाल चट्टे, पुटकुळ्या, पाण्याचे फोड, गांधी, सुटणारे पापुद्रे या सगळ्यांना हा एकच शब्द लावतात. घामोळे किंवा कीटकाच्या चाव्याने उठलेली गाठ बहुधा आपोआप बसते, त्यामुळे पुरळाकडे काणाडोळा करण्याची सवय जडते आणि बहुतेकदा ती अंगलटही येत नाही. निकड ठरते ती पुरळाच्या रूपापेक्षा त्याच्या सोबत्यांवरून : ताप, धाप, वेदना, तोंडातले व्रण, नुकतेच सुरू केलेले औषध.

ताप आणि ठिपके एकत्र दिसले तर काचेचा पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबून पाहतात. रंग विरला, तर रक्त अजून रक्तवाहिन्यांतच आहे. विरला नाही, तर ते त्वचेत झिरपले आहे. तापासोबत न विरणारे लाल-जांभळे ठिपके, मान ताठणे किंवा गुंगी ही मेनिंगोकॉकस जंतूंच्या संसर्गाची चिन्हे असू शकतात. त्यात काही तासांत जिवावर बेतते. ठिपके विरले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये, कारण या रोगात सुरुवातीचे पुरळ विरणारे असू शकते. डेंग्यूतही न विरणारे ठिपके येतात. त्यात फसवा काळ असतो तो ताप उतरतानाचा. घरचे सुस्कारा सोडतात, आणि नेमके तेव्हाच पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे अशी लक्षणे उद्भवू शकतात. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये. बरे होताना अंगभर खाजरी लाली येऊन मध्ये पांढुरकी बेटे उरतात. ती बहुधा सुधारणेचीच खूण असते.

गोवरात खोकला, नाक गळणे, लाल डोळे आणि चढता ताप आधी येतात. पुरळ नंतर कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरते. ‘देवीचा कोप’ म्हणून मूल घरातच ठेवण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. 2022 मध्ये मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. धाप लागणे, पाणीही न पिणे, झटके किंवा सुस्ती दिसल्यास मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. मात्र पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत लागण होते, म्हणून आधी कळवून जाणे बरे.

पावसाळ्यात व त्यानंतर विदर्भ-कोकणात शेतातून किंवा झुडपांतून आलेल्या माणसाला ताप भरला, तर काख, जांघ, कंबर नीट तपासावी. तिथे विडीच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसली तर स्क्रब टायफसचा दाट संशय घेतात. डॉक्सिसायक्लिनने तो आटोक्यात येतो. उपचार लांबले तर फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

औषधाची प्रतिक्रिया दोन वेगांनी येते. ‘अंगावर पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावण्यात फारसे बिघडत नाही; पण गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला किंवा भोवळ आली, तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते. अशा वेळी 108 ला फोन करावा. दुसरी प्रतिक्रिया संथ असते आणि म्हणूनच निसटते : फिटवरील कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, सल्फायुक्त गोळ्या किंवा युरिक आम्लावरील ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांनी ताप, डोळ्यांची आग, तोंडात व गुप्तांगावर व्रण आणि दुखरी, सोलवटणारी कातडी. हा स्टीव्हन्स-जॉन्सन विकार. संशयित औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

नागिणीचे फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यात येतात. ‘वेढा पूर्ण झाला की माणूस जातो’ या समजात तथ्य नाही. मात्र गेरूचे लेप लावण्यात दिवस जातात, हे खरे नुकसान. विषाणुरोधक गोळ्या पहिल्या 72 तासांत सर्वाधिक गुणकारी ठरतात. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या टोकावर असले, तर दृष्टीला धोका असल्याने नेत्रतज्ज्ञ लागतो.

सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. ती जांभळट, करडी किंवा नुसती गडद भासते. पाठ्यपुस्तकांतली बरीचशी चित्रे गोऱ्या कातडीची, त्यामुळे चूक सोपी. तळहात, तळपाय, टाळू आणि पापणीची आतली बाजू पाहावी. लाली पसरते आहे का, हे तिच्या कडेला पेनाने रेघ ओढून कळते. पसरणाऱ्या गरम भागातली वेदना दिसणाऱ्या बदलाच्या मानाने फारच जास्त असेल, तर खोलवरचा जंतुसंसर्ग समजून थांबू नये. तीन महिन्यांखालील बाळाला तापासह पुरळ आल्यास वाट पाहण्याचा प्रश्नच नाही.

जिवावर न बेतणारी, तरी डॉक्टरांकडे नेण्याजोगी काही कारणे उरतात. रात्री वाढणारी खाज घरात अनेकांना असेल तर खरूज संभवते आणि उपचार सगळ्यांना एकदम द्यावे लागतात. नायट्यावर औषधदुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम खाज थांबवते, बुरशी मात्र पसरू देते आणि नायट्याची ओळखीची कडही पुसून टाकते. न खाजणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा तांबूस चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची तपासणी व बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होतात.