पेनात अडकलेलं पीस

या वीकेंडला एका पेनाबद्दल. इंग्लंड-अमेरिकेत हौशी मंडळी घरच्या लेथवर पेनं बनवतात. त्यातला एक भारी प्रकार म्हणजे पितळी नळीवर पक्ष्याचं पीस किंवा मासे पकडायची 'फ्लाय' चिकटवायची, साच्यात ठेवून वरून पारदर्शक रेझिन ओतायचं आणि कडक झालं की तासून पॉलिश करायचं. याला सरसकट 'अ‍ॅक्रिलिक पेन' म्हणतात, पण पुष्कळदा ते असतं पॉलिएस्टर रेझिन.

वाचायला सोपं वाटतं, पण पिसाच्या तंतूंमध्ये हवा दडलेली असते आणि ती बुडबुडे होऊन नेमकी पिसावरच बसते. त्यावर उपाय शाळेतलाच. साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवायचा. दाब चौपट केला की बुडबुडा पाव होतो (बॉइलसाहेबांची कृपा), आणि तेवढ्यात रेझिन घट्ट झालं की तो दिसतच नाही. फ्लाय असेल तर आणखी एक ताप: आत लोखंडी गळ असतो आणि पेनाची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. लेथची पटाशी गळाला लागली की संपलं!

पण मला खरा इंटरेस्ट आहे तो आतल्या पिसात. फ्लाय म्हणजे गळाला दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधून मासे धरायचे, असं ईलियन या रोमन लेखकाने साधारण 1800 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. म्हणजे परसातली कोंबडी पुरेशी होती.

एकोणिसाव्या शतकात मात्र ब्रिटिश साहेबांना चेव चढला. साम्राज्यातून आणि त्याबाहेरून बोटी भरून पिसं लंडनला येत होती. मग एकेका सॅमन-फ्लायमध्ये टूकन, मकाव, शहामृग, मोर, सगळे! 1895 मध्ये जॉर्ज केल्सनने 'द सॅमन फ्लाय' हे पुस्तक लिहून असल्या फ्लायना जवळजवळ शास्त्राचा दर्जा दिला. गंमत म्हणजे नदीत परतलेला सॅमन फारसं खातच नाही आणि या फ्लाय कुठल्याच खऱ्या किड्यासारख्या दिसत नाहीत. मला विचाराल तर हा सगळा थाट माशांसाठी नव्हताच, शेजारच्या साहेबासाठी होता. 'इंडियन क्रो' नावाचं एक लाल-केशरी पीस फार मानाचं. त्याचा भारताशी काडीचाही संबंध नाही, तो पक्षी दक्षिण अमेरिकेतला.

आपला खरा संबंध 'जंगल कॉक'शी. हा म्हणजे आपला राखाडी रानकोंबडा. सह्याद्रीत पहाटे ट्रेकला निघालात तर झाडीतून त्याची बांग ऐकली असेल. त्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला मेणाचा थेंब टाकावा तसे चकचकीत पिवळे-पांढरे ठिपके असतात. ते फ्लायवर डोळ्यासारखे दिसतात, म्हणून 'जॉक स्कॉट'सारख्या नामांकित फ्लायच्या गालांवर तेच लागत. भारतातून पक्ष्यांची पिसं आणि कातडी निर्यात करायला 1902 मध्येच बंदी आली. ब्रिटनने आयातबंदीचा कायदा केला 1921 मध्ये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने या रानकोंबड्याला आपल्याकडे संरक्षण दिलं. परदेशात आता पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं विकली जातात.

तरी हाव संपली नाही. जून 2009 मध्ये लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एका अमेरिकन पोराने ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची खिडकी फोडली आणि 299 पक्षी सुटकेसमधून लांबवले. तो स्वतः फ्लाय बांधणारा! त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलाय द्वीपसमूहात जमवलेले नंदनपक्षीही होते. पुढे 174 पक्षी अख्खे परत मिळाले, पण पायाला लेबल शाबूत असलेले फक्त 102. लेबलावर पक्षी कुठे, कधी, कोणी पकडला ते लिहिलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा राहिला, मेटाडेटा उडाला. बाकीच्यांचा संशोधनाला उपयोग जवळपास शून्य. आणि पोराला शिक्षा? 2011 मध्ये बारा महिने, तीही स्थगित.

पेनातल्या पिसाला तर लेबल पहिल्यापासूनच नसतं. बहुतेक पिसं पाळीव कोंबड्यांची, फेझंटची किंवा मोराची असतात, त्यात काही वावगं नाही. पण एकदा रेझिन ओतलं की ते ठिपकेवालं पीस ब्रिटनमधल्या खुराड्यातलं की कोयनेच्या रानातलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. जाहिरातीत निबची जाडी, लाकडी डबी, पॉलिशचे किती थर, सगळं लिहिलेलं असतं. घेणार असाल तर पक्ष्याचं तेवढं विचारून घ्या.