धूरफवारणी : आरोग्य व पर्यावरणाचे धोके
डास मारण्यासाठी कीटकनाशक तेलात मिसळून, तापवून धुराच्या रूपात सोडण्याची पद्धत. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत भातखाचरे, ओढे आणि साठवलेले पाणी यांमुळे पावसाळ्यात डासांची पैदास वाढते.

धुरासाठी डिझेलमध्ये मॅलॅथिऑन किंवा रॉकेलमध्ये पायरेथ्रम अर्क (१ लिटर अर्कास १९ लिटर रॉकेल) वापरतात. मॅलॅथिऑन हे ऑर्गॅनोफॉस्फेट मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे कार्य रोखते. विषबाधेत घाम, लाळ, उलटी, धाप ही लक्षणे दिसतात व बाहुल्या बारीक होतात, उतारा ॲट्रोपिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मॅलॅथिऑनला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. पायरेथ्रमसारख्या कृत्रिम द्रव्यांमुळे (पायरेथ्रॉइड) त्वचेला मुंग्या येतात, दमेकऱ्यांचा त्रास बळावू शकतो. सर्वाधिक धोका यंत्र हाताळणाऱ्या कामगारास असतो. १९७६ मध्ये पाकिस्तानात भिंतींवर फवारलेल्या मॅलॅथिऑनमधील अशुद्धींमुळे सुमारे २,८०० कामगार बाधित झाले व पाच दगावले.

ऑर्गॅनोफॉस्फेट व पायरेथ्रॉइड या दोन्ही गटांतील द्रव्ये मधमाश्यांना घातक आहेत. पायरेथ्रॉइडांच्या अल्प मात्रेनेही मासे मरतात. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात, म्हणून जलाशयांलगत विशेष दक्षता हवी.

धुराने उडते डास मरतात, अळ्या नव्हे. वारंवार वापराने डासांत प्रतिकारशक्ती येते. त्यामुळे साथीतच फवारणी करावी. त्या वेळी अन्न व पाणी झाकावे, मुलांना धुरामागे धावू देऊ नये. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंप, रांजण घासून सुकवणे हा मूळ उपाय होय.