सेन्सर दिवा (जुन्नर-आंबेगाव परिसरातील वापर)

सेन्सर दिवा : माणूस किंवा जनावर टप्प्यात हलले की आपोआप पेटणारा आणि हालचाल थांबल्यावर ठरावीक वेळाने विझणारा घराबाहेरचा दिवा. शहरात तो जिन्यात, पार्किंगमध्ये वीज वाचवण्यासाठी लावतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तो मळ्यातल्या घराच्या अंगणात आणि गोठ्यावर लावला जातो, तो बिबट्यापासून सावध राहण्यासाठी.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे या भागात ऊस वाढला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याला लपण मिळते, पाणी मिळते. कुत्री, शेळ्या, वासरे वस्तीवर मिळतात. माद्या उसातच पिलांना जन्म देतात आणि तोडणी सुरू झाली की बछडे सापडू लागतात. घरे गावठाणात एकवटलेली नसून मळ्या-मळ्यांत विखुरलेली आहेत. कित्येक घरांच्या अंगणाची हद्द संपते तिथेच ऊस सुरू होतो.

२००१ नंतरच्या काही वर्षांत जुन्नर वन विभागात माणसांवर अनेक हल्ले झाले. पकडलेले बिबटे तेव्हा दुसऱ्या जंगलांत सोडले जात. हे स्थलांतर सुरू झाल्यावर हल्ले कमी न होता वाढले, असे विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. पिंजरे आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र यांच्या जोडीने वस्तीवरची खबरदारी म्हणूनच महत्त्वाची ठरते.

दिव्यातील ‘पीआयआर’ संवेदक स्वतः कोणताही किरण सोडत नाही. अंगातून निघणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरण, तो टिपतो. त्याच्यावरच्या पांढऱ्या घुमटाकार भिंगामुळे समोरच्या जागेचे पट्टे पडतात. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की दिवा लागतो. त्यामुळे आडवे जाणारे जनावर लवकर टिपले जाते, सरळ संवेदकाच्या रोखाने येणारे उशिरा. उन्हाळ्यात भिंती आणि जमीन तापलेली असताना टप्पा घटतो. रडार प्रकारचा संवेदक उष्णतेवर अवलंबून नसतो, पण वाऱ्याने हलणाऱ्या पाचटानेही तो दिवा पेटवू शकतो.

बसवताना दर्शनी दारापेक्षा घर ते गोठा आणि घर ते शौचालय या वाटांचा विचार आधी करावा. साधारण सात-आठ फूट उंचीवर, वाट संवेदकासमोरून आडवी जाईल असा दिवा लावावा. उजेड उसाच्या कडेवर पडावा, दारातून बाहेर येणाऱ्याच्या डोळ्यांवर नव्हे. संवेदकाच्या बुडाशी बहुधा दोन-तीन चकत्या असतात. ‘टाइम’ची चकती काही सेकंदांवर न ठेवता दोन-तीन मिनिटांवर न्यावी. ‘लक्स’ची चकती चंद्राच्या खुणेकडे पूर्ण फिरवली, तर दिवा गडद अंधारातच चालू होतो, बिबट्या मात्र दिवेलागणीलाच बाहेर पडतो. म्हणून ती थोडी सूर्याकडे सरकवावी. वीज जाते तिथे सौर दिवा उपयोगी पडतो, पण पावसाळ्यात त्याची बॅटरी पुरेशी भरत नाही. त्याचे पॅनेल महिन्यातून एकदा तरी पुसावे.

उजेडाने शिकारी प्राणी बिचकतात, हे जगात अन्यत्रही आजमावले गेले आहे. केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्या रिचर्ड टुरेरे या मुलाने लुकलुकणारे दिवे लावून गोठ्यातील गुरे सिंहांपासून राखली. जुन्नर वन विभागात वापरलेले ‘ॲनायडर’ हे यंत्रही हालचाल टिपताच दिवे लुकलुकवते आणि आवाज काढते. मात्र एकाच जागी, एकाच तऱ्हेने लागणाऱ्या उजेडाला प्राणी सरावतात. वस्तीजवळ वावरणाऱ्या बिबट्याला तर दिव्यांची सवयच असते.

त्यामुळे सेन्सर दिव्याचा खरा उपयोग बिबट्याला पळवण्यात कमी आणि माणसाला वेळीच दिसण्यात अधिक आहे. गोठ्याला वरून-खालून बंद जाळी, रात्री कुत्रे आत, अंगणालगतच्या उसाची आणि गवताची सफाई, संध्याकाळनंतर मुले एकटी बाहेर नाहीत, ही पथ्ये दिवा लावल्यावरही पाळावीत. दिवा अवेळी लागला, तर पाहायला बाहेर पडू नये. दार लावून खिडकीतून पाहावे आणि बिबट्या दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.