टायरची रुंदी आणि टायरचं आयुष्य

आजचा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटेल. सायकलचा टायर रुंद असेल तर तो जास्त टिकतो का? दुकानदार एका शब्दात उत्तर देईल. पण 'टिकणं' म्हणजे काय आणि ते कोणाच्या दृष्टीने, असं विचारलं की आपल्याला इतिहासात जावं लागतं.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट 1845 सालचं, रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाचं, तेही गाड्यांसाठी. ते विस्मरणात गेलं. 1888 मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉयड डनलप यांनी हीच कल्पना सायकलसाठी मांडली. हेतू साधा होता, मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी करायचे. पण 1889 मध्ये विल्यम ह्यूम याने बेलफास्टला या टायरवर शर्यती जिंकल्या आणि आरामाचं साधन वेगाचं साधन झालं. तिथून पुढे चांगला टायर कोणता, हे शर्यतीचं मैदान ठरवू लागलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतीचे टायर 20 ते 23 मिलिमीटरवर आले होते.

आता झिजेचं पाहू. टायर रस्त्याला किती टेकतो, हे मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. ढोबळ हिशोब करू. मागच्या चाकावर 50 किलो भार आहे आणि दाब चौरस सेंटिमीटरला 5 किलो आहे, तर टेकणारं क्षेत्र सुमारे 10 चौरस सेंटिमीटर. रुंद टायर निम्म्या दाबावर चालतो, म्हणजे क्षेत्र 20. तोच भार दुप्पट रबरावर वाटला गेला. शिवाय झिजायला रबरही जास्त. अरुंद टायरची मधली पट्टी त्यामुळे लवकर सपाट होते. त्यातही मागच्या टायरची आधी, कारण भार आणि पायडलचा जोर दोन्ही तिथेच.

पण म्हणून 'रुंद तो टिकाऊ' हे सूत्र पुरं पडत नाही. 1910 च्या दशकापासून रबरात काजळी मिसळू लागले, पांढरट टायर काळे झाले आणि झीज पुष्कळ कमी झाली. हे काम रुंदीने केलेलं नाही. उलट रुंद टायर हवा न भरता दामटला, तर बाजू दुमडून तडकतात. वरचं रबर शाबूत असतानाच टायर जातो.

आपल्याकडची जुनी काळी सायकल आठवा. 28 × 1½ इंची टायर, म्हणजे जवळपास 40 मिलिमीटर. पुण्यात दूधवाले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार याच टायरवर रोज ये-जा करत. टायर गोटा झाला, फाटला, तरी आतून गेटर लावून आणखी काही महिने काढायचे. शर्यतवाल्याला टायर त्या दिवसापुरता हवा असतो; कामगाराला तो पुढच्या पगारापर्यंत, जमल्यास पुढच्या दिवाळीपर्यंत हवा असतो. एकाची कसोटी दुसऱ्याला लावली, की खर्चाचा बोजा दुसऱ्यावर पडतो.

गंमत म्हणजे गेल्या दीड-दोन दशकांत शर्यतवालेही 25, मग 28 मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायरकडे वळले. खडबडीत रस्त्यावर धक्क्यांत शक्ती वाया जाते, हे त्यांना पटलं. डनलपनी सुरुवात नेमकी तिथूनच केली होती.

तेव्हा टायर घेताना रुंदी जरूर विचारा. पण आधी स्वतःला विचारा, भार किती, रस्ता कसा आणि हवा आपण नियमित भरतो का? आता प्रश्नोत्तरांकडे वळू.