तांब्याचा पैसा, बेडशाचे लेणे आणि बाबासाहेबांचा रुपया

"पूर्वीच्या पैशात खरे तांबे होते, म्हणून त्याला किंमत होती. आताचे नाणे म्हणजे नुसता पत्रा." हे वाक्य आपल्या वस्तीतही ऐकू येते. त्याला जोडूनच मोबाइलवर संदेश फिरतात की जुना पैसा विका आणि लाखो कमवा. अशा संदेशांना आपली शिकलेली पोरेही फसतात. नाण्याची किंमत त्याच्या धातूत असते, हा समज त्याच्या मुळाशी आहे. बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने तरी तो बाळगू नये, कारण या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे आहे.

कामशेतजवळचे बेडशाचे लेणे पाहा. काळ सुमारे इ.स.पू. पहिले शतक. चैत्याच्या व्हरांड्यातल्या एका खोलीवर कोरले आहे की हे दान नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे, पुष्यणकाचे. पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका या महारथिनीचे नाव आहे. म्हणजे नाशिकच्या व्यापाऱ्याचे धन पवन मावळातल्या डोंगरात कोरीवकामाला लागले. त्या काळच्या दख्खनच्या बाजारात सातवाहनांची जी नाणी चालत, त्यांतली बहुतेक शिशाची, पोटीनची आणि तांब्याची. राजाचा खजिना सोन्याने भरला असेल नसेल, व्यवहार या हलक्या धातूंवर चालला.

बेडशाला रक्कम कोरलेली नाही, पण नाशिकच्या लेण्यात आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांतले २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे व्याज होते २४०, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असा दरही दिला आहे, म्हणजे एका सुवर्णाला पस्तीस. आजचे किती अर्थतज्ज्ञ इतके स्पष्ट लिहितात?

याच नहपानाची चांदीची नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे सापडली, १३,००० हून अधिक. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकला होता. नाणी वितळवली नाहीत. चांदी तीच राहिली, हुकूम बदलला.

आणि विनयपिटक? भिक्खूने रुपे स्वीकारू नये, असा नियम आहे. तिथे 'रुपे' म्हणजे काय हे सांगताना कार्षापणाबरोबर तांब्याचा, लाकडाचा आणि लाखेचाही माषक मोजला आहे, आणि कसोटी एकच ठेवली आहे, ती म्हणजे व्यवहारात चालतो का. लाखेचा तुकडा चालत असेल तर तोही पैसाच! धातुवाद्यांनी हे एकदा वाचावे. पुढे बुद्धघोषाने चोरीच्या नियमातल्या पाच माषकांचा अर्थ लावताना बजावले की हिशेब जुन्या निळ्या कार्षापणाचा धरा, रुद्रदामकाच्या वगैरे नाण्यांचा नको. नाव एकच, पण नाणे बदलले की मोल बदलते, याचे भान या परंपरेला होते.

आता इंग्रजी अमदानीत या. तांब्याचा पैसा १०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. रुपयाचे पैसे चौसष्ट. म्हणजे एका रुपयाची मोड वजनाला सुमारे ४१५ ग्रॅम भरायची. १९०६ पासून पैसा कांस्याचा आणि ७५ ग्रेनचा झाला, मोड ३११ ग्रॅमवर आली. १९४३ मध्ये युद्धाच्या टंचाईत मध्ये भोक पाडून त्याचे वजन जेमतेम दोन ग्रॅम केले, मोड १२५ ग्रॅम. रुपयाचे पैसे मात्र चौसष्टच राहिले. पैशाची किंमत तांब्यात असती, तर १९०६ सालीच रुपयाला ८५ पैसे मागायला हवे होते. कोणी मागितले नाहीत.

युद्धात महागाई भडकली ती भोकामुळे नाही. सरकारने नोटा अनेक पटींनी वाढवल्या म्हणून. हीच गोष्ट बाबासाहेबांनी वीस वर्षे आधी, १९२३ च्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात मांडली होती. १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या आणि रुपया त्याच्या चांदीपासून सुटला. १८९८ च्या सुमारास रुपया सोळा पेन्सला गेला, तेव्हा त्यातली चांदी होती सुमारे दहा पेन्सची. वरचे सहा पेन्स कुठून आले? टंचाईतून. केन्स या व्यवस्थेचे कौतुक करत होता. बाबासाहेबांनी विचारले की रुपये पाडणाऱ्या सरकारचा हात धरणार कोण? रुपये पाडण्यातल्या नफ्यातूनच सरकारचा सुवर्णनिधी वाढणार असेल, तर निधी जितका मोठा, तितके रुपये जास्त.

बाबासाहेबांनी सोन्याचे नाणे मागितले, एवढे धरून काही जण त्यांना सोन्याचे पुजारी ठरवतात. तो अर्धा वाचलेला ग्रंथ आहे. सोने त्यांना हवे होते ते सरकारला लगाम म्हणून. रुपया त्यांनी सोन्यात बदलून मागितला नाही. उलट, नवे रुपये पाडणे कायमचे बंद करा, म्हणजे प्रतीक-रुपयाही आपले मोल राखील, असे त्यांचे म्हणणे होते. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी चलनावर साक्ष दिली. रुपया स्वस्त झाला की देश श्रीमंत होतो, हे त्यांना मान्य नव्हते. भाव आधी चढतात, मजुरी मागून लंगडत येते, आणि मधला फरक मालकाच्या खिशात जातो.

हे त्यांनाच का दिसले? ज्या समाजाची मजुरीच नाण्यात मोजली जात नव्हती, त्या समाजातून ते आले होते. महाराला बलुते मिळे खळ्यावर, गावच्या मर्जीने, पेंढीच्या हिशेबात. हातात कधी पैसा आलाच, तर दुकानाबाहेर जमिनीवर ठेवायचा, आणि वाण्याने पाणी शिंपडून उचलायचा. चौसष्टावा हिस्सा सगळ्यांच्या हातात सारखाच, पण तो चालवायची मुभा सारखी नव्हती. म्हणूनच १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आणलेल्या वतन दुरुस्ती विधेयकात त्यांनी बलुत्याचे रूपांतर रोख आकारणीत करण्याची तरतूद घातली. जमीनदारांनी विरोध केला. धान्याच्या पेंढीवर त्यांची मर्जी चालत होती, ठरलेल्या रोख रकमेवर ती चालली नसती.